याला कागद आहे का?

बदनामीची नोटीस आली तेव्हा मी आईची कूस बदलत होते. दारात पोस्टमन सहीसाठी उभा आणि आत आई अर्धवट कुशीवर. सही केली, पाकीट टेबलावर टाकलं, आईच्या पाठीला पावडर लावून तिला नीट टेकवलं आणि मग ते फोडलं. पाच पानं, सगळी इंग्रजीत. वर माझं नाव, खाली 'माझ्या अशिलाच्या सूचनेवरून' अशा अर्थाची सुरुवात. तेच कागद सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरही येऊन पडले होते, मी उघडले नव्हते.

आईला अर्धांगवायू झाल्यापासून आम्ही एका ब्युरोकडून रात्रपाळीच्या मावशी घेत होतो. ब्युरोने दोन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि दुसऱ्या आठवड्यापासून खाडे सुरू झाले. साठ रात्रींपैकी एकवीस रात्री कुणी आलंच नाही. बदली मावशी पाठवतो म्हणायचे आणि मग फोन उचलायचे नाहीत. याच काळात आईच्या हातातल्या दोन बांगड्या दिसेनाशा झाल्या. कधी गेल्या ते मला आजही सांगता येत नाही.

2025 च्या जानेवारीत, अशाच एका न आलेल्या रात्री, पावणेदोन वाजता मी फेसबुकवर पोस्ट लिहिली. ब्युरोचं नाव घातलं, मालकांचं नाव घातलं आणि शेवटी मावशींच्या आधार कार्डाचा फोटो जोडला. ब्युरोने त्यांना पाठवताना ओळखीसाठी म्हणून तो मला दिला होता. लोकांनी सावध व्हावं म्हणून टाकतेय, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. मग तीच पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या दोन ग्रुपांवर टाकली. सकाळपर्यंत ती माझ्या हातात राहिली नव्हती.

ब्युरोच्या वकिलाच्या नोटिशीत मागण्या होत्या: सात दिवसांत पोस्ट काढा, बिनशर्त माफी त्याच ठिकाणी लिहा, नुकसानभरपाई द्या. नाहीतर दिवाणी दावा, फौजदारी तक्रार आणि पोस्टवर तातडीची मनाई. माझा हात आधी मोबाइलकडे गेला. पोस्ट पुसून टाकावी, संपलं. तेवढ्यात वकीलकाकांना फोन लावला म्हणून बरं. काका बाबांचे मित्र. जिल्हा न्यायालयात त्यांनी आयुष्य काढलं आहे.

"पुसू नकोस," ते म्हणाले. "आधी जशीच्या तशी जपून ठेव. लिंक, तारीख, वेळ, खालच्या सगळ्या प्रतिक्रिया. ती त्यांच्याकडे आहेच. तुझ्याकडे नसेल तर उद्या ते दाखवतील तेवढंच तू लिहिलंस असं ठरेल."

त्या संध्याकाळी मी फेसबुकवरून माझी सगळी माहिती उतरवून घेतली, पोस्टचे स्क्रीनशॉट काढले, ब्युरोशी झालेले संदेश वेगळे काढले. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात चालत नाही हे मला तेव्हा कळलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती ओळ बदलते. जुन्या कायद्यात हेच 65-ब म्हणून होतं, आणि ते प्रमाणपत्र का टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातच सांगितलं, असं काका म्हणाले. हे सगळं जपून झाल्यावरच पोस्ट लोकांच्या नजरेआड केली. पुसली नाही, फक्त मला दिसेल अशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. माझा भाऊही होता. तो आल्याआल्याच म्हणाला, "ते आयटी कायद्याचं 66-अ कलम रद्द झालंय ना? मग नेटवर लिहिलं म्हणून कोण काय करणार?" मलाही मनातून तसंच वाटत होतं. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती ती आम्हाला आठवत होती, आणि पुढे ते कलम गेलं हेही. काका म्हणाले, "गेलं, 24 मार्च 2015 ला, श्रेया सिंघल खटल्यात. पण बदनामीचं कलम गेलेलं नाही. ते घटनाबाह्य ठरवा म्हणून मोठमोठे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 13 मे 2016 ला न्यायालयाने ते कायम ठेवलं. तेव्हा दंड संहितेचं 499 आणि 500 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहितेचं 356 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवाही देता येते. कागदावर लिहिलं काय आणि मोबाइलवर लिहिलं काय, कलमाला फरक पडत नाही."

भाऊ गप्प झाला. मी म्हटलं, "पण काका, मी खरंच लिहिलंय."

त्यांनी उत्तर दिलं नाही. पोस्टची छापील प्रत समोर ठेवली आणि वाक्यांना आकडे घातले. चौदा वाक्यं झाली. मग एकेका वाक्यावर पेन ठेवून एकच प्रश्न: "याला कागद आहे का?"

पहिली चार वाक्यं सहज गेली. आगाऊ पैसे दिले: पावती आहे. एकवीस रात्री कुणी आलं नाही: ब्युरोनेच दिलेलं हजेरी कार्ड आहे, त्यावर मावशींच्या सह्या आहेत आणि कोऱ्या जागा आहेत. शिवाय त्या त्या रात्रीचे माझे संदेश आणि न उचललेले फोन. काकांनी प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. मला जरा धीर आला.

पाचवं वाक्य होतं, 'या ब्युरोने आम्हा मायलेकींना टोपी घातली.' काकांनी नोटिशीचं तिसरं पान काढलं. तिथे या वाक्याचं भाषांतर असं केलं होतं की माझ्या अशिलाने फौजदारी स्वरूपाची फसवणूक आणि विश्वासघात केला असा आरोप आपण केला आहे. मी दोनदा वाचलं. टोपी घातली, हे आपण रोज किती सहज म्हणतो! पेरूवाल्याने एक सडका दिला तरी म्हणतो. काका म्हणाले, "कोर्टापुढे मूळ शब्द जातात, आणि मराठी वाचणारा न्यायाधीश टोपी घातली म्हणजे काय ते जाणतो. हे तुझं मत आहे, आणि ते ज्यावर उभं आहे त्या एकवीस रात्री तू वरच लिहिल्या आहेस. वाचणाऱ्याला हकीकत आणि मत वेगळं दिसतं. हे सांभाळता येईल. पण हेच वाक्य पहिलं असतं आणि बाकी काही नसतं, तर सांभाळायला अवघड गेलं असतं." शब्दाच्या जागेवर एवढं अवलंबून असतं, हे मी शाळेत भाषा शिकवत असूनही मला माहीत नव्हतं.

नववं वाक्य: 'मालकांनी असल्याच पैशांतून दोन फ्लॅट घेतलेत.'

"याला कागद?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे?"

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एका पेशंटची मुलगी म्हणाली होती. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. काकांनी वाक्यावर आडवी रेघ मारली. ऐकलेलं पुढे सांगितलं म्हणून जबाबदारी पहिल्या माणसावर राहत नाही, जो छापतो त्याच्यावर येते. पुढे पाठवणाराही सुटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारी 2024 ला, दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या प्रकरणात, बदनामीकारक मजकूर रिट्विट करणं हेही बदनामीच्या कलमात येऊ शकतं असं म्हटलं आहे. माझ्या मामेबहिणीने माझी पोस्ट 'सगळ्यांनी वाचा' म्हणून पुढे ढकलली होती. तिला त्याच रात्री फोन केला. सोसायटीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन जोशीकाका तर माझ्याआधी घाबरले होते. त्यांना एवढं सांगता आलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल आहे.

आणि मग बारावं वाक्य. मी ते लिहिताना मला ते फार जमून आलंय असं वाटलं होतं. 'मावशी फारच प्रामाणिक हो, बांगड्या आपल्याच पायांनी चालत गेल्या असतील.'

काकांनी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं आणि कलमाखालची उदाहरणं वाचून दाखवली. ही उदाहरणं 1860 च्या दंड संहितेतली आणि नव्या संहितेतही तशीच उतरलेली. एक: 'झ हा प्रामाणिक माणूस आहे, त्याने ब चं घड्याळ कधीच चोरलं नाही' असं क म्हणतो, झ नेच चोरलं असा समज व्हावा या हेतूने. ही बदनामी. दुसरं: घड्याळ कुणी चोरलं असं विचारल्यावर क नुसतं झ कडे बोट दाखवतो. ही बदनामी. तिसरं: झ घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र क काढतो. हीसुद्धा बदनामी.

मी ऐकत होते आणि मला घाम फुटला होता. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी माझं वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं. प्रामाणिक म्हणून चोर म्हणणं, तेही झालं. बोट दाखवणं, तेही झालं, आधारचा फोटो टाकून. उपरोधाने म्हटलं तरी आरोप तो आरोपच, हे कलमाच्या स्पष्टीकरणात वेगळं लिहिलेलं आहे.

"पोलिसांत तक्रार दिली होतीस बांगड्यांची?" काकांनी विचारलं.

नव्हती दिली. आईला सोडून चौकीत जायला वेळ नव्हता, आणि मनात खात्रीही नव्हती. घरात त्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट येत होते, दोन नातेवाईक येऊन गेले होते, दवाखान्यात आईला दोनदा नेलं होतं. काका म्हणाले, "अगं, ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने आरोप केला तर तो बदनामी ठरत नाही, कलमाला असा आठवा अपवादच आहे. तू चौकीत हेच सांगितलं असतंस की माझा संशय या बाईंवर आहे, तर कायदा तुझ्या बाजूला होता. चौकीत सांगण्याइतकी खात्री तुला नव्हती, आणि हजार लोकांना सांगण्याइतकी होती."

ते आवाज न चढवता बोलले. मला आजही ते वाक्य तसंच्या तसं ऐकू येतं.

खरं असलं की झालं, ही माझी समजूतही त्यांनी तेव्हाच दुरुस्त केली. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत मात्र नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. आणि दोन्हीकडे खरं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं लिहिणाऱ्यावर. मला माहीत असणं आणि मला दाखवता येणं, या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे मी चौदा वाक्यांत मोजलं. नऊ वाक्यांना कागद होता, तीन मतं होती, दोनांना काहीच नव्हतं.

आधार कार्डाबद्दल नोटिशीत एक ओळही नव्हती. ब्युरोच्या मालकांना त्याचं काही वाटलं नसावं. काकांनीच ते काढलं. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम 29 मध्येच मनाई आहे. "मालकाने तुला वकील लावून नोटीस पाठवली. त्या बाईने काय पाठवावं?" त्यांनी विचारलं. फोटो टाकून चार दिवसही झाले नव्हते तोवर मावशींचा फोन येऊन गेला होता, तो मी उचलला नव्हता. भांडायला करत असतील असं वाटलं होतं.

उत्तराचा मसुदा तीनदा झाला. बदनामीच्या नोटिशीला उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, आणि सात दिवस हे त्यांच्या वकिलाने घातलेले. पण गप्प राहिलं तर पुढे 'काही म्हणणं नव्हतं' असं म्हणायला जागा राहते, आणि लिहिलेला प्रत्येक शब्द आपल्याविरुद्धही वाचला जातो. म्हणून पहिल्या मसुद्यातली माझी सगळी रडकथा काकांनी काढून टाकली. उरलं ते असं. हजेरी, पैसे, खाडे याबद्दल लिहिलेलं खरं आहे, कागद सोबत जोडले आहेत, ते मागे घेत नाही. टोपी घातली हे या हकीकतीवरचं माझं मत आहे. फ्लॅटबद्दलचं आणि बांगड्यांबद्दलचं वाक्य मी मागे घेते, त्यांना माझ्याकडे पुरावा नाही. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते, आणि तसं जाहीरपणेही लिहीन. नुकसानभरपाई अमान्य. बिनशर्त माफीला काका शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. सगळ्याची माफी मागितली तर एकवीस रात्रीही खोट्या ठरतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. मावशींशिवायच्या त्या रात्री मी काढल्या होत्या.

तातडीच्या मनाईच्या धमकीची मला सर्वांत भीती वाटत होती. काका म्हणाले, अशी मनाई खटला चालण्याआधी सरसकट द्यायची नसते, अपवादात्मक परिस्थितीतच द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे. फौजदारीतही पोलीस उठून घरी येत नाहीत. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्याला दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. हे कळल्यावर त्या रात्री मी प्रथमच सलग चार तास झोपले. घाबरवणारी नोटीस आणि कायदा यांच्यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर माहीत नसलं की माणूस काहीही लिहून देतो. मीही दिलं असतं.

मग मी ते काम केलं ज्याला कुठलीच मुदत नव्हती. मावशींना फोन केला. त्या भांडल्या नाहीत. "ताई, तेवढा फोटो काढा ना," एवढंच म्हणाल्या. ब्युरोने त्यांना दुसऱ्याच दिवशी बंद केलं होतं. दुसऱ्या एका घरी काम मिळालं होतं, तिथल्या सुनेला कुणाच्या तरी ग्रुपवर फोटो दिसला आणि तेही गेलं. मी म्हटलं, मी काढलाय केव्हाच. त्या म्हणाल्या, "नाही हो, अजून आहे."

होता. माझ्या भिंतीवरून गेला होता, पण एका मोठ्या पेजने माझी पोस्ट उचलून स्वतःच्या नावाने टाकली होती, आधारच्या क्रमांकासकट. मी पेजवाल्यांना लिहिलं, उत्तर नाही. मग त्या मंचाच्या, म्हणजे फेसबुकच्या, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार केली. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे तेव्हा चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल द्यायचा असे. पोच आली, आणि आठव्या दिवशी तो मजकूर गेला, कारण त्यात ओळखपत्राचा क्रमांक होता. नुसतं 'यात बदनामी आहे' म्हटलं असतं तर जाईलच असं नव्हतं. कुणी खासगी माणसाने सांगितलं म्हणून मजकूर काढायचं बंधन मंचांवर नाही, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो, हेही त्या श्रेया सिंघल निकालातच आहे. माझी पोस्ट काढा ही ब्युरोची मागणी फेसबुकपुढे म्हणूनच चालली नव्हती. ज्या नियमाने माझं खरं वाचलं होतं, तोच नियम माझ्या खोट्यालाही जागा देत होता.

व्हॉट्सअ‍ॅपलाही तक्रार अधिकारी आहे, पण माणसामाणसांत फिरणारा फोटो तिथून असा काढून घेता येत नाही. माझा पुढे पाठवलेला फोटो कुठे कुठे गेला ते मी माणसामाणसाला विचारत गेले. वहीत यादी केली. प्रत्येक ग्रुपवर तेच तीन ओळींचं लिहिलं: मी या बाईंवर पुराव्याशिवाय संशय घेतला, तो आरोप मी मागे घेते, कृपया फोटो काढून टाका आणि ज्यांना पाठवला त्यांनाही हे पाठवा. आरोप जितका पुढे गेला होता त्याच्या पावपटही हे गेलं नाही. काही जणांनी विचारलं, 'म्हणजे बांगड्या सापडल्या का?' नाही सापडल्या. मला माहीत नाही, हेच उत्तर मी सगळ्यांना दिलं, आणि ते लोकांना पुरत नाही असं दिसलं.

मावशींना मी लेखी दिलं. माझ्या सहीचं, तारखेचं पत्र, की त्यांनी आमच्याकडे काम केलं तेव्हा आईची काळजी नीट घेतली आणि त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे कोणताही पुरावा नाही. न आलेल्या एकवीस रात्री ब्युरोने त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं, हे मला त्यांच्याकडून तेव्हा कळलं.

ब्युरोच्या वकिलांकडून पुन्हा काही आलं नाही. छापील किंवा लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष असते, आणि पोस्ट नेटवर राहिली म्हणून ती रोज नव्याने सुरू होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका फेसबुक प्रकरणात धरलं होतं. ते वर्ष सरलं. फौजदारी तक्रारीची तीन वर्षांची मुदत अजून चालू आहे, म्हणून ती फाइल मी कपाटात वरच ठेवली आहे. आगाऊ पैशांसाठी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्यात टोपी नाही, फ्लॅट नाहीत. 'सेवेतील त्रुटी' असा शब्द आहे, आणि मागे एकवीस तारखांचं परिशिष्ट. पुढची तारीख लागली आहे.

मागच्या आठवड्यात वहिनीच्या मैत्रिणीकडून एक फॉरवर्ड आला. 'सावधान, ही बाई घरकामाच्या नावाखाली' अशी सुरुवात, खाली मावशींचा तोच फोटो. शब्द माझे नव्हते, कुणीतरी नवे घातले होते. मी तिला विचारलं, तुला कुणी पाठवला? तिने एक नाव दिलं. त्या बाईंना फोन लावला, वही उघडली आणि चाळिसावा आकडा घातला.